पागेतलं वेळापत्रक

लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानांत डोकावत चालणाऱ्याला इथं एक शाळा आहे हे चटकन कळत नाही. हुजूरपागा दुकानांच्या रांगेमागे दडलेली आहे. नाव मात्र सगळ्या पुण्याच्या तोंडी. हुजुरांची, म्हणजे पेशव्यांची, घोड्यांची पागा होती ती ही जागा. २१ सप्टेंबर १८८४ रोजी सुरू झालेली मुलींची शाळा लवकरच इथं आली आणि कागदोपत्री नाव काही का असेना, लोकांनी तिला पागाच म्हटलं. संस्थापक न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित. विद्यार्थिनी इरावती कर्वे, शान्ता शेळके. शाळेवरचे लेख बहुधा या यादीपाशीच थांबतात. माझ्या मते मात्र या शाळेतली सर्वांत मोलाची जुनी वस्तू म्हणजे तिचं वेळापत्रक.

मुलींनी शिकावं की नाही, हा वाद तोवर पुण्याच्या शिकलेल्या मंडळींत बराचसा मिटला होता. अक्षरओळख, थोडं वाचन, घरखर्चाचा हिशेब, शिवणटिपण एवढ्याला फारसं कुणी आडवं येत नव्हतं. खटका उडाला तो अकरा ते पाच या वेळेवरून. मिस हरफर्ड मुख्याध्यापिका असलेल्या या शाळेत मुलगे शिकत तेच विषय, इंग्रजीसुद्धा, पूर्ण दिवस शिकवले जात. टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानं १८८७ मध्ये या अभ्यासक्रमावर झोड उठवली. शाळा तीन तासांची असावी, शिक्षण मराठीतून आणि घरकामाला पूरक असावं, असा त्या टीकेचा रोख होता. आज हे हास्यास्पद वाटतं, पण विरोधकांना दुखरी नस बरोबर सापडली होती. त्या काळी लग्न लहानपणीच होई. अकरा ते पाच शाळेत बसलेली सून दुपारच्या पंगतीला वाढायला नाही, निवडणं-टिपणं नाही, सासूच्या हाताखाली नाही. धडा कोणता शिकवला यापेक्षा तो दिवस कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न मोठा होता. भाषणं मागं घेता येतात. रोज अकराला वाजणारी घंटा तशी मागं घेता येत नाही.

घरात त्याची किंमत काय पडे, हे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात दिसतं. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारं इंग्रजी भाषण त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे वाचलं. बोलणी खाल्ली ती घरी, वडीलधाऱ्या बायकांची. न्यायमूर्तींच्या घरची ही तऱ्हा, मग इतरांचं काय विचारावं!

मातृभाषेचा आग्रह चूक होता का, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतूनच ठेवलं आणि स्त्रियांसाठी काही विषयही वेगळे आखले. त्यांना कुणी स्त्रीशिक्षणाचा वैरी म्हणणार नाही. प्रश्न भाषेपुरता असता तर गोष्ट वेगळी होती. इथं भाषेसोबत तासही निम्म्यानं छाटायचे होते, आणि ते छाटलेले तास चुलीकडे जाणार होते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये, छत्तीस वर्षं आधी. शिवाय रानड्यांच्या शाळेत सुरुवातीला मुख्यतः पांढरपेशांच्याच लेकी. हे मान्यच करावं लागतं. पहिलेपणाचा मान भिडेवाड्याचा. हुजूरपागेचं श्रेय त्यापुढच्या टप्प्याचं, हायस्कूलपर्यंतचा पूर्ण दिवस मुलींना मिळवून देण्याचं. खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पागेपासून पायी जाण्याच्या अंतरावरचा तो भिडेवाडा दुर्लक्षात खंगत गेला आणि स्मारकासाठी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. पागेत मात्र शाळा भरते आहे, दुकानांच्या मागे का होईना.