तिचीही फाईल हवी

तालुक्याच्या गावात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. मधुमेहाचा पेशंट घरचा कर्ता पुरुष असेल तर त्याची फाईल जाडजूड असते. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, गोळ्यांची यादी नीट लिहिलेली. ही फाईल सांभाळते त्याची बायको. आणि तिला स्वतःला ‘साखर’ असली, तर तिचा रिपोर्ट निघतो पर्सच्या आतल्या कप्प्यातून, चार घड्या घातलेला, दोन वर्षांपूर्वीचा! विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘मला काय धाड भरलीय डॉक्टर?’’

मधुमेहात किडनी बिघडू लागते, तेव्हा खरोखरच ‘धाड भरल्यासारखं’ काही वाटत नाही. दुखत नाही, खुपत नाही. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. वाढलेली साखर आणि वाढलेलं ब्लडप्रेशर या गाळण्यांना वर्षानुवर्षं झिजवत राहतं. आधी त्यांतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत झिरपू लागतं. पायावर सूज येते, भूक मरते, तोपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

गेल्या वर्षी एक मावशी सुनेबरोबर आल्या. वय अठ्ठावन्न, मधुमेह बारा वर्षांचा, पोळीभाजीचे डबे करून घराला हातभार लावणाऱ्या. सून आनंदात होती. ‘‘डॉक्टर, आईंची साखर आता आपोआप उतरायला लागलीय. गोळी निम्मी केली तरी घाम सुटतो त्यांना. बरा होतोय ना मधुमेह?’’

मला मात्र ऐकूनच काळजी वाटली. इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनी करते. ती थकली की औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर धाडकन खाली येते. खाणंपिणं, वजन, चालणं काहीच बदललेलं नसताना साखर ‘आपोआप’ उतरू लागली, तर पेढे वाटू नका, आधी किडनी तपासा.

मावशींचं क्रिएटिनिन 2.1 आलं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी त्या रोज घेत होत्या, तीही कित्येक महिने. रिपोर्ट समजावून सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘डायलिसिस लागेल का हो? धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.’’

वेदनाशामक गोळी त्याच दिवशी बंद केली. किडनीचं काम तिशीच्या खाली गेलेलं असल्याने मेटफॉर्मिनही थांबवलं, साखरेची औषधं बदलली, ब्लडप्रेशर काबूत आणलं आणि त्यांना जिल्ह्याच्या गावी किडनीतज्ज्ञांकडे पाठवलं. आज वर्ष झालं, क्रिएटिनिन जवळपास तिथंच आहे. किडनी पहिल्यासारखी झाली नाही, होणारही नाही. पण घसरण थांबली, डायलिसिस लांबलं आणि मावशींचे डबे चालू आहेत.

मैत्रिणींनो, हे सगळं खूप आधी कळू शकतं. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात निदान झाल्यावर लगेच आणि पुढे दरवर्षी दोन तपासण्या करायच्या. पहिली लघवीतल्या अल्ब्युमिनची. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो 30 पेक्षा कमी असेल तर ठीक. 30 च्या वर गेला तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची, कारण लघवीच्या जंतुसंसर्गानेही तो वाढतो. पाळी चालू असताना नमुना देऊ नये.

दुसरी रक्तातल्या क्रिएटिनिनची. त्यावरून ‘ईजीएफआर’ काढून घ्यायचा, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाज. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. 65 वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन 1.2 असलं तर ‘जरासंच वाढलंय’ असं वाटतं, पण तिचा ईजीएफआर 50 च्या आसपास भरतो. तीन महिन्यांहून जास्त काळ तो 60 च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार समजायचा.

उपायही आता पुष्कळ आहेत. ब्लडप्रेशर 130/80 च्या आत राखायचं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या प्रेशरबरोबर प्रोटीनची गळतीही कमी करतात. मात्र मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात त्या चालत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी औषधं किडनीची घसरण मंदावतात. त्यांची पेटंटं भारतात अनुक्रमे 2020 आणि 2025 मध्ये संपल्यामुळे ती बरीच स्वस्त झाली आहेत. ती घेत असताना कडक उपास, उलट्या किंवा जुलाब असतील तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. नवरात्राच्या उपासाआधी तर विचाराच!

स्वयंपाकघर तर तुमच्याच हातात आहे. दिवसाचं मीठ माणशी एका लहान चमचाभराच्या आत ठेवा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. किडनीचा त्रास असताना ‘लो सोडियम’ मीठ परस्पर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. ते साठून हृदयाला धोका होऊ शकतो. आणि ‘साखर मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यांच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा काही औषधांत शिसं, पारा सापडलेला आहे.

डायलिसिसची वेळ आलीच तर खचून जाऊ नका. 2016 पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून ही सोय झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे.

2018 साली जागतिक किडनी दिन आणि महिला दिन एकाच दिवशी, 8 मार्चला आले होते. योगायोगच तो, पण मला फार बोलका वाटला. तेव्हा या आठवड्यात एक करा. पंधरा-वीस रुपयांची एक फाईल आणा, तिच्यावर स्वतःचं नाव लिहा. आणि पुढच्या वेळी ‘ह्यांना’ घेऊन दवाखान्यात याल, तेव्हा तीही पिशवीत टाका.