परक्या गावी राहताना

श्रोतेहो, मनात तळमळ असली की सेवा होते, असा आपला एक समज असतो. परदेशातल्या खेड्यांत जाऊन ज्यांनी काम केले त्यांची हकिकत ऐकली, म्हणजे तळमळ ही नुसती सुरुवात आहे हे ध्यानात येते.

मार्च १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ ही योजना सुरू केली. माणसांनी दोन वर्षे परदेशी जावे, तिथल्या लोकांसारखे साधेपणाने राहावे आणि त्यांच्या कामाला हात लावावा, अशी ती कल्पना. ऑगस्टअखेर पन्नासएक शिक्षकांची पहिली तुकडी आफ्रिकेत घानाला उतरली. विमानतळावरच त्यांनी तिथल्या त्वी भाषेत गीत म्हटले. उच्चार कसेही असोत, पाहुण्याच्या तोंडून आपली भाषा ऐकली की तो निम्मा आपला होतो.

ऑक्टोबरात नायजेरियात मात्र उलटे घडले. इबादान येथे एका स्वयंसेविकेने मायदेशी पोस्टकार्ड लिहिले. भोवतालचे दारिद्र्य व अस्वच्छता पाहून बसलेला धक्का त्यात होता. कार्ड वाटेत पडले, विद्यार्थ्यांच्या हाती लागले, त्याच्या प्रती निघाल्या, आणि निषेध सुरू झाला. तिने माफी मागितली, तरी तिला परतावे लागले. आता, तिने लिहिले ते खरे की खोटे, हा प्रश्न नव्हता. नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झाले होते. यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्या घराची उणी काढली, तर कोणाला सोसेल?

मग राहावे कसे? घानातल्या अकान लोकांत पाहुण्याला आधी बसायला आणि पाणी देतात, मग ‘काय काम काढलेत?’ म्हणून विचारतात. आपल्याकडच्या गूळपाण्यासारखेच! आल्याआल्या कामाचे बोलणारा तिथे उद्धट ठरतो. देणेघेणे उजव्या हाताने. कसावा आणि केळी उकडून, उखळात कांडून ‘फुफू’ करतात; त्याचा गोळा रश्शात बुडवून न चावता गिळायचा. मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला मिळते. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. पाहुण्याला अशा नावाने हाक आली, की समजावे, गावाने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले.

हे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतातही होते. मुंबईत विक्रोळीला लिलियन कार्टर या परिचारिका १९६६ साली अडुसष्टाव्या वर्षी आल्या आणि सुमारे दोन वर्षे राबल्या. त्यांचा मुलगा जिमी पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

शिक्षकमित्रहो, परके होण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही. मी एकदा कॉलेजची मुले घेऊन श्रमदानाला एका खेड्यात गेलो. शोषखड्ड्याचा आराखडा घरूनच काढून नेला होता. दोन दिवस आम्ही घाम गाळला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे बाबा म्हणाले, “मास्तर, पावसाचा लोंढा हितनंच येतो. खड्डा गाळानं भरंल. आधी इचारायचं न्हाई का?”

बाबा दोन्ही दिवस पारावर बसून आमच्याकडे पाहत होते. आम्ही विचारले नाही, म्हणून ते बोलले नाहीत. नव्या गावी गेलात, तर पहिले काही दिवस कुदळ बाजूला ठेवा आणि पारावर जाऊन बसा. तोही कामाचाच भाग आहे.