झोपेवर उपचार, नैराश्याला अटकाव

मन खचलं की झोप उडते, हे कुणालाही पटतं. म्हणूनच नैराश्याच्या रुग्णाला ‘मन सावरलं की झोपही येईल’ असं सांगितलं जाई. पण हे उलटंही घडतं. नैराश्य नसलेल्या, मात्र झोप न लागणाऱ्या लोकांचा पाठपुरावा करणारे २१ अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट निघाला. यावर रास्त आक्षेप असा, की निद्रानाश हे कारण नसून येऊ घातलेल्या नैराश्याची चाहूलच असेल तर? नुसत्या पाठपुराव्यातून याचा निकाल लागत नाही. झोप सुधारून पुढे काय होतं ते मोजावं लागतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकल अर्विन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. निद्रानाश असलेल्या, पण नैराश्य नसलेल्या साठीपुढच्या २९१ जणांची त्यांनी यदृच्छेने विभागणी केली. एका गटाला दोन महिने कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, दुसऱ्याला तेवढाच काळ झोपेविषयी माहितीचे वर्ग. तीन वर्षांत माहितीच्या गटात २५.९ टक्के लोकांना नैराश्य आलं, थेरपीच्या गटात १२.२ टक्के. म्हणजे साधारण सात जणांवर उपचार केले की एकाचं नैराश्य टळतं. दोन्ही गटांची सत्रं सारखाच काळ चालली, त्यामुळे ‘कुणीतरी विचारपूस केली म्हणून बरं वाटलं’ हे स्पष्टीकरण पुरत नाही. ही थेरपी बोलण्यातून होत असली तरी मन मोकळं करणं तिच्यात कमीच असतं. झोप आली तरच अंथरुणावर जायचं, लागली नाही तर उठायचं, सकाळी ठरल्या वेळी उठायचं आणि अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आवळायचा. शिवाय ‘आज झोप झाली नाही तर उद्याचा दिवस वाया’ ही धास्ती तपासून पाहायची. सुरुवातीचे काही दिवस दिवसा पेंग येते, हे खरं.

मग गोळी काय वाईट? वयस्कांत झोपेच्या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ मध्ये औषधांआधी ही थेरपीच सुचवली. मात्र सगळे पुरावे इतके ठाम नाहीत. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियातल्या १,१४९ जणांच्या ऑनलाइन चाचणीत नैराश्याची लक्षणं कमी झाली, पण सहा महिन्यांत पूर्ण नैराश्य फारच थोड्यांना आल्याने ते टळतं का, हे ठरवता आलं नाही. अर्विन यांचे निष्कर्षही साठीपुढच्यांचे. ते तरुणांना सरसकट लावणं घाईचं ठरेल. तरी त्यांच्या आकडेवारीतली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते: थेरपीनंतर ज्यांचा निद्रानाश गेला आणि परतला नाही, त्यांच्यात नैराश्याचा धोका सगळ्यांत कमी होता.