परदेशच्या नोकरीची वाट आणि घरातले कागद

खानापूर आणि हल्याळ यांच्या मधल्या रस्त्यावरचे नंदगड हे जुने बाजारपेठेचे गाव. १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला येथेच फाशी देण्यात आली, म्हणून इतिहासातही त्याचे नाव आहे. भाताच्या शेतीवर घर चालेनासे झाले की इथला तरुण पूर्वी बेळगाव, पुणे, मुंबई गाठीत असे, नाही तर घाट उतरून गोव्यात जाई. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात इमारती आणि रस्ते उभे राहू लागले, आणि मुंबईच्या पुढचीही एक वाट भारतातल्या खेड्यापाड्यांना दिसू लागली. आज गवंडी, सुतार, वाहनचालक किंवा वीजतंत्री असलेल्या मुलाच्या घरी दुबई, मस्कत, दोहा ही नावे परकी वाटत नाहीत.

शेजारच्या गोव्याची गोष्ट निराळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. त्या आधाराने अनेक गोवेकर कुटुंबे इंग्लंडपर्यंत पोहोचली. घाटावरच्या ज्या घरांचे पूर्वज त्या अमलाखाली नव्हते, त्यांना हे दार नाही. त्यांच्यासमोर नोकरीचा करार आणि त्यावर मिळणारा व्हिसा हाच सरळ मार्ग उरतो. तो मार्ग नीट चालला तर घराला बरकत येते; चुकला तर गहाण टाकलेले शेत परत मिळत नाही. म्हणून त्याचा विचार घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधीच करून ठेवणे बरे.

पहिली पायरी पारपत्राची, म्हणजे पासपोर्टाची. एके काळी पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. परदेशी जाणे हा नागरिकाचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. तेव्हा आता अडचण येते ती बहुधा कागदांतील विसंगतीची. सीमाभागात ती अधिकच जाणवते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. घरातली बोली व शाळेतली भाषा मराठी राहिली, पण दप्तरे कानडीत आली. ज्ञानेश्वर हे एकच नाव घ्या. मराठी वळणाचा कारकून ते इंग्रजीत ‘डी-एन’ने सुरू करतो, कानडी वळणाचा ‘जे-एन’ने, आणि शेवटी एखादा ‘ए’ वाढवतो. एका कागदावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, तर दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरे. गावात यामुळे काही बिघडत नाही. परदेशी वकिलातीच्या दृष्टीने मात्र ती दोन निरनिराळी माणसे ठरू शकतात. यासाठी दहावीचे प्रमाणपत्र, आधारपत्र आणि जन्माचा दाखला यांवरील नाव व जन्मतारीख पारपत्राच्या अर्जाआधीच जुळवून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बालकांना तर पारपत्रासाठी जन्मदाखल्याखेरीज अन्य पुरावा चालत नाही. घरात नातवंड झाले असेल तर त्याच्या दाखल्यावरील अक्षरे आजच तपासावीत.

दुसरी गोष्ट दहावीच्या परीक्षेची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी नोंद होते. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया, जॉर्डन इत्यादी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना ‘उत्प्रवासी संरक्षक’ या अधिकाऱ्याची परवानगी लागते. हे पद जुने आहे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर कोकणातून मराठी माणसे करारावर नेली जात, त्या गिरमिटाच्या काळापासून ते चालत आले आहे. करार काय आहे, वेतन किती, राहण्याची सोय कोणाकडे, हे या कार्यालयाने पाहावे असा त्याचा हेतू.

पुष्कळांना ही नोंद कमीपणाची वाटते आणि ती टाळण्यासाठी पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन तेथे नोकरी धरण्याचा सल्ला दिला जातो. त्या सल्ल्यात धोका आहे. परवानगी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, अशी तिची रचना २०१७ मध्ये झाली. पर्यटक म्हणून गेलेल्यामागे विमा नसतो आणि तपासलेला करारही नसतो. दहावी झालेल्या मुलाच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट लक्षात ठेवावी. त्याची ही तपासणी होत नाही, त्यामुळे करार वाचण्याचे काम सर्वस्वी त्याचे व त्याच्या घरच्यांचे होते.

तिसरी गोष्ट दलालाची. परदेशी नोकरभरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र असलेच पाहिजे. त्याचा क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेण्याची नियमांत मुभा आहे, आणि त्याची पावती द्यावी लागते. व्हिसाचा खर्च तर कतार, संयुक्त अरब अमिराती यांच्या कायद्यांनुसार मालकानेच सोसायचा असतो. तेव्हा ‘व्हिसा विकत मिळेल’ म्हणून दोन-तीन लाख मागणारा मनुष्य ओळखीचा असो, नात्यातला असो, त्याला क्रमांक आणि पावती विचारण्यात संकोच धरू नये. विनापरवाना भरतीला १९८३ साली कायदा झाला तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच शिक्षा लिहिली गेली. ज्या धंद्यात एका उमेदवारामागे लाखांची उलाढाल होते, तेथे अशा दंडाचा वचक कितीसा बसणार?

निघण्यापूर्वी करारावर मालकाचे नाव, कामाचा प्रकार, मूळ वेतन, कामाचे तास, राहण्या-जेवण्याची सोय आणि परतीचे तिकीट ही सहा कलमे पाहावीत. उतरल्यावर दुसराच कागद सही करण्यासाठी पुढे आला तर मूळ कराराची प्रत उपयोगी पडते. पारपत्र, व्हिसा, करार आणि विमा यांच्या नकला घरी, आईच्या किंवा पत्नीच्या ताब्यात असाव्यात. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतला तेव्हा १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना, बहुतेकांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणावे लागले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत अशा लोकांना भरपाई मिळाली. आपण तेथे होतो, तेथून निघालो, हे दाखवू शकणाऱ्याचे काम अशा वेळी सोपे होते.

परदेशी जाण्यास कोणी कोणाला अडवू नये. तरुणाने हिंमत करावी, चार पैसे मिळवावेत, जग पाहावे. परंतु शेत गहाण टाकण्याआधी घरातल्या सर्वांनी, स्त्रियांनीही, एका संध्याकाळी एकत्र बसून हे कागद मोठ्याने वाचावेत. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही ती गावातल्या शिक्षकांना किंवा वकिलांना विचारावी, आणि समाधान झाल्यावाचून सही करू नये.