लक्ष्मीबाईंचें रचलेलें जीवन

खुनाचा तपास म्हणजे खुन्याचा माग, अशी आपली सामान्य समजूत असते. अनुभवी पोलीस अधिकारी मात्र प्रथम मृताचीच चौकशी करतो. तो कोणाकडे जात-येत असे, घरच्यांपासून काय लपवीत असे? पुष्कळदां या चौकशींत मृताचें एखादें गुप्त जीवन उघडकीस येतें. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांच्या प्रकरणांत अगदीं उलट घडलें. त्यांचें 'गुप्त जीवन' आधींच चारचौघांस कळविण्यांत आलें होतें. पोलिसांना शोधावयाचें होतें तें त्यांचें मरण.

लक्ष्मीबाई माहेरच्या इंदुमती पोंक्षे. पति अनंत रामचंद्र कर्वे १९४५ सालीं निवर्तले. शुक्रवार पेठेंत स्वतःचें घर, शेअर, बँकेंतील ठेवी असें द्रव्य पदरीं होतें. शरीर मात्र क्षय व मधुमेह यांनीं पोखरलेलें. डॉक्टर अनंत चिंतामण लागू हे त्यांना औषधपाणी करीत. रोग्यानें वैद्यावर विश्वास ठेवावा हा शिरस्ताच आहे. येथें तो विश्वास हळूहळू नाडीपासून तिजोरीपर्यंत गेला.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्रीं मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांस प्रकृति दाखविण्याकरितां म्हणून दोघें आगगाडींत बसलीं. पहांटे गाडी बोरीबंदरास पोंचली तेव्हां बाई बेशुद्ध होत्या. लागूंनीं त्यांना गोकुळदास तेजपाल इस्पितळांत नेऊन नांव सांगितलें, 'इंदुमती पाऊणशे'. त्याच दिवशीं दुपारपूर्वीं त्या वारल्या. स्वतःचें घर असलेल्या त्या बाईंचें प्रेत बेवारशी ठरलें.

इकडे त्यांच्या नांवानें पत्रें येऊं लागलीं, कीं जोशी नांवाच्या गृहस्थाशीं आपण विवाह केला असून राठोडी येथें राहत आहों. त्याच सुमारास बाईंचें द्रव्य लागूंच्या हातीं जात होतें.

आम्हां यवतमाळकरांस वाटेल, कीं हें शहरांतच घडावें. पण विचार करावा. विधवेनें पुनर्विवाह केल्याचें पत्र आलें, तर आपल्या घरांत पुढचा प्रश्न कोणता निघेल? 'तिला प्रत्यक्ष भेटलें कोण?' हा, कीं 'आतां तिचें नांव कशाला?' हा? पत्रें रचणाऱ्यानें आपला स्वभाव बरोबर ओळखला होता.

सुदैवानें कांहीं जणांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं सरकारदरबारीं अर्ज केले व १९५८ सालीं लागूंस अटक झाली. राठोडीचे जोशी सांपडले नाहींत. बेवारशी प्रेताचें छायाचित्र मात्र ओळखलें गेलें. शवपरीक्षेंत विष आढळलें नव्हतें. तरी खोटें नांव, टाकून दिलेलें प्रेत, बनावट पत्रें व हडपलेलें धन या सांखळीवरून पुण्याच्या सेशन्स कोर्टानें देहान्ताची शिक्षा दिली व हायकोर्टानें ती कायम केली. सुप्रीम कोर्टांत तीन न्यायाधीशांपैकीं एकाचें मत भिन्न पडलें. परंतु डिसेंबर १९५९ मध्यें बहुमतानें शिक्षा कायम झाली. विष सांपडलें नाहीं, एवढ्यावरून विषप्रयोग असिद्ध होत नाहीं, हें तत्त्व या निकालानें दृढ झालें.

मीं पस्तीस वर्षें शाळेंत हजेरी घेतली. 'आजारी आहे' अशी चिठ्ठी आली, तरी आठ दिवसांनीं त्या मुलाच्या घरीं जावयाचें, हा माझा नियम असे. कारण चिठ्ठी कोणीही लिहूं शकतो. घरांतील एकट्या वडीलधाऱ्या स्त्रीची खुशाली पत्रानें कळली, तर पत्रानेंच उत्तर धाडूं नये. जावें, आणि तोंड पाहून यावें.