सर्पाचे बाळ आणि वाटीभर दूध

गेल्या श्रावणातील गोष्ट. मिरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे. नागपंचमी तीन दिवसांवर आली असता, आमचा दहा वर्षांचा नातू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दीड वीत लांबीचे सापाचे पिल्लू घेऊन घरात शिरला. तपकिरी अंग, त्यावर पांढुरके आडवे पट्टे. "आजोबा, हा कवड्या आहे. याला विष नसते. आपण पाळू या!"

सूनबाई दाराआड गेल्या. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र सणापूर्वीच देव घरी आला असे मानून दुधाची वाटी पुढे केली, व झाकण उघडून ती आपल्या हातांनी बरणीत ठेवली. सकाळी पाहतो तो दूध तसेच होते. नातू रडकुंडीस आला. अमरकोशात सर्पास 'पवनाशन', म्हणजे वारा खाऊन राहणारा, म्हटले आहे, असे आम्ही त्यास सांगितले. पण व्युत्पत्तीने का कोणाचे पोट भरते? अखेर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळविले, तेव्हा एक तरुण सर्पमित्र आले.

त्यांनी आधी झाकण न उघडता बरणी उजेडात धरून नीट न्याहाळली व मगच सुस्कारा सोडला. कवड्याच होता. परंतु अतिविषारी मण्यार पुष्कळशी अशीच दिसते. ती निळसर काळी असते. तिचे बारीक, बहुधा जोडीने असणारे पट्टे शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचा दंश फारसा दुखतही नाही. पुढे श्वास मात्र बंद पडतो. पिल्लू झाले तरी तिला विष असतेच. आदल्या रात्री त्या बरणीत कोणाचा हात गेला होता हे आठवून आमच्या अंगावर काटा आला.

"मग हा खातो काय?" नातवाने पुसले. कवड्याचे मुख्य खाद्य पाली. तेही रात्री, स्वतः धरून. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. ते त्यास पचत नाही. गारुड्याचा नाग दूध पितो, तो बरेच दिवस तहानेला ठेवलेला असतो म्हणून.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील साप पकडून घरी ठेवणे हा अपराध होय. काही हौशी मंडळी आफ्रिकेतील बॉल पायथन पाळतात. त्याचीही 2024 च्या नियमांप्रमाणे शासनाकडे नोंदणी करावी लागते. त्याच्या पिल्लाची निगा सर्पमित्रांनी सांगितली ती अशी: आठवड्यास एक मेलेला लहान उंदीर, पिल्लाच्या अंगाच्या जाडीएवढाच, गोठविलेला असल्यास पुरता वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यावा. पुढे दोन दिवस पिल्लास हाताळू नये. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हा त्याने अन्न नाकारल्यास बळजबरी करू नये. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थंड असावी; लपावयास जागा, स्वच्छ पाणी व घट्ट झाकण हवे. "इतके करूनही," ते म्हणाले, "तो माया लावणार नाही. फार तर भिणार नाही."

संध्याकाळी त्यांनी कवड्यास वनखात्याच्या संमतीने झाडीत सोडले. नातू त्या दिवशी जेवला नाही.

नागपंचमीस सौभाग्यवतींनी पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या व दूध ठेवले. पूजा आटोपल्यावर त्यांनी ते दूध नातवापुढे केले. "ज्याचे अन्न त्यालाच द्यावे," त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यात आम्ही शिकविलेल्या कोणत्याही सुभाषिताहून हे वाक्य आम्हांस अधिक मोलाचे वाटले.