शाळेच्या परसबागेतली लाकडी केबिन : पाया कसा घालावा, देखभाल कशी करावी



परसबाग वाढली की अवजारांचा प्रश्न येतोच. खुरपी, पाण्याच्या झाऱ्या, बियाण्यांचे डबे, गांडूळखताची पोती हे सगळं वर्गात ठेवता येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "बागेत एक छोटी लाकडी केबिन करूया का? एका कोपऱ्यात मुलांना वाचायलाही बसता येईल." लोकवर्गणी जमते, सुतार येतो, केबिन उभी राहते. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या पावसाळ्यात दार घासायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खालची पट्टी बोटाने दाबली तरी भुगा पडतो. लोक म्हणतात, "लाकूडच खराब दिलं." खरं तर बहुतेक वेळा लाकडाचा दोष नसतो. ते ज्यावर उभं केलं, तिथे चूक झालेली असते.

म्हणून आज आपण पाया आणि देखभाल या दोन गोष्टी नीट समजून घेऊ. त्यात गणित आहे, विज्ञान आहे आणि मुलांना देता येण्यासारखी कामंही आहेत.

लाकूड कुजतं म्हणजे काय?

आधी एक कोडं. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या आहेत आणि आजही जागेवर आहेत. दुसरीकडे इटलीतल्या व्हेनिस शहराच्या इमारती पाण्याखाली, चिखलात रोवलेल्या लाकडी खांबांवर शेकडो वर्षं उभ्या आहेत. मग आपल्या कुंपणाचा खांब चार-पाच वर्षांत का मोडतो? आणि तोही नेमका जमिनीलगतच का?

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. कार्ल्याच्या लेण्यात लाकूड कोरडं राहिलं, म्हणून बुरशीला ओलावा मिळाला नाही. व्हेनिसच्या चिखलात हवाच जवळजवळ पोचत नाही. कुंपणाच्या खांबाला जमिनीलगत मात्र दोन्ही मिळतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं फारसं चालत नाही. त्यापेक्षा वर जाऊन बराच काळ तिथेच राहिला, की कुजणं सुरू होतं.

म्हणजे लाकूड भिजलं म्हणून लगेच बिघडत नाही. भिजून वाळलं नाही तर बिघडतं. पाया घालताना आणि पुढे दरवर्षी देखभाल करताना एकच प्रश्न विचारायचा : "इथलं लाकूड भिजलं तर किती लवकर वाळेल?"

खडूचा प्रयोग

हे मुलांना दाखवायला एक खडू आणि थोडी शाई पुरे. बशीत शाई ओतून खडू उभा करा. शाई हळूहळू वर चढते. हेच केशाकर्षण. लाकडातही बारीक नळ्या असतात. म्हणून ओल्या मातीवर किंवा ओल्या काँक्रीटवर ठेवलेलं लाकूड खालून पाणी ओढत राहतं, वर कितीही चांगलं छप्पर असलं तरी. आता दुसरा खडू घ्या आणि त्याच्याखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवा. शाई चढत नाही. पायात आपल्याला नेमकं हेच करायचं आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत हे शहाणपण दिसतं. लाकडी खांब कधी मातीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि घर जोत्यावर उचललेलं असतं.

पाया : टप्प्याटप्प्याने

उदाहरणासाठी ९ फूट × १२ फूट मापाची केबिन धरू.

१) जागा निवडणे. जोराच्या पावसानंतर मैदानात फिरून पाहा. जिथे डबकं राहतं ती जागा सोडा. मोठ्या झाडाखालची जागाही नको, कारण पानं छपरावर साचतात, सावलीमुळे लाकूड वाळत नाही आणि फांदी पडण्याचा धोका असतो. शाळेच्या भिंतीपासून निदान दोन फूट अंतर ठेवा. मागच्या बाजूला माणूस शिरू शकला नाही, तर ती बाजू कधीच रंगवली जात नाही.

२) आखणी. खुंट्या, दोरी आणि चुन्याची फक्की घ्या. कोपरा गुण्यात आहे का, हे पाहायला ३-४-५ ची रीत वापरा : एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजा. तिरकं अंतर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. ९ × १२ चं माप यासाठीच सोयीचं आहे. त्याचा कर्ण बरोबर १५ फूट येतो (८१ + १४४ = २२५). दोन्ही कर्ण १५ फूट आले की आखणी पक्की. पायथागोरसचा सिद्धांत मुलं फळ्यावर शिकलेलीच असतात. इथे तो दोरी धरून पाहता येतो.

३) ओटा की सुटे खांब? दोन पर्याय आहेत. एक, संपूर्ण मापाचा ४ इंची काँक्रीटचा ओटा. दुसरा, ठरावीक अंतरावर काँक्रीटचे किंवा दगडी बुटके खांब आणि त्यावर लाकडी चौकट. पावसाच्या भागात लहान केबिनसाठी मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण खालून हवा खेळते. ओटाच करायचा असेल तर तो केबिनच्या भिंतींच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेल्या कडेवर भिंतीवरून ओघळलेलं पाणी साचतं आणि खालच्या लाकडाशी दिवसभर बसून राहतं.

४) हिशेब. बुटके खांब ३ ओळींत, प्रत्येक ओळीत ४, असे १२. प्रत्येक खांब १ फूट × १ फूट, उंची २ फूट (१ फूट जमिनीत, १ फूट वर). एकूण घनफळ २४ घनफूट. ओट्याला लागलं असतं ९ × १२ × १/३ = ३६ घनफूट. १:२:४ मिश्रण धरलं (सिमेंट, वाळू, खडी) तर २४ घनफुटांसाठी सुमारे सव्वाचार पोती सिमेंट, साडेदहा घनफूट वाळू आणि २१ घनफूट खडी लागते. वाळू-खडी ब्रासमध्ये मिळते आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. मुलांना विचारा : वाळू, खडी, सिमेंट मिळून सुमारे ३७ घनफूट माल टाकला, मग काँक्रीट २४ घनफूटच कसं झालं? खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट. डब्यात गोट्या भरून त्यावर मोहरी ओतली की हे लगेच कळतं.

५) खोदकाम. वरचा मऊ मातीचा थर काढा. मुरमाची जमीन असेल तर काम सोपं. काळी माती असेल तर सावध राहा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब वर-खाली होतात. अशा ठिकाणी भेगा पोचतात त्याच्या खाली, घट्ट थर लागेपर्यंत जावं लागतं. खांबांची उंची आणि हिशेबही त्याप्रमाणे बदलतो. खड्ड्याच्या तळाशी मुरूम किंवा खडी टाकून, पाणी मारून धुमसाने ठोकून घ्या. मुलं आत बसणार असतील तर पायाचं माप जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका.

६) पातळी. सगळ्या खांबांचे माथे एका पातळीत हवेत. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून हे पाहतात. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, तेवढं पाहा. काँक्रीटवर ओलं गोणपाट टाकून निदान ७ दिवस पाणी मारा. कडक उन्हात १० दिवस.

७) पाणी आणि वाळवी अडवणे. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर गंज न चढणाऱ्या पत्र्याची टोपी बसवा, तिच्या कडा खाली वाकवलेल्या हव्यात. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर येते. पत्र्यामुळे ती मरत नाही, पण तिला कडेवरून वळसा घालून उघड्यावर नळी बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. पत्र्यावर डांबरी कागदाचा तुकडा, मग लाकूड. हा आपल्या खडूखालचा प्लास्टिकचा तुकडा.

८) वाऱ्यासाठी पकड. केबिन नुसती खांबांवर ठेवू नका. काँक्रीट ओलं असतानाच त्यात बोल्ट रोवा आणि चौकट त्यांना आवळा. बोल्ट जिथून वर येतो ते पत्र्याचं भोक डांबराने बंद करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनारपट्टीवर शाळांची छपरंही उडवली होती. पत्रा चौकटीला, चौकट पायाला आणि पाया जमिनीला, अशी साखळी कुठेही तुटता कामा नये.

९) खालची मोकळी जागा. तिथे उतार देऊन खडी पसरा. साप किंवा कुत्री शिरू नयेत म्हणून बाजूंना बारीक जाळी लावा, फळ्या नकोत. जाळीतून हवा जाते. एक बाजू उघडता येईल अशी ठेवा आणि खाली सामान कोंबू नका.

लाकूड आणि त्यावरचा लेप

सागाचा गाभा वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्याच झाडाचा बाहेरचा पांढरट भाग लवकर किडतो. "साग आहे" एवढं ऐकून समाधान मानू नका, रंग पाहा. फळीचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, म्हणून टोकांना लेपाचे दोन-तीन हात जास्त द्या.

लेपासाठी बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) चालतं. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे, पण ते कातडी भाजतं. ते काम मोठ्यांनीच, हातमोजे घालून करायचं. दोन गोष्टी कटाक्षाने पाळा :

- गाड्यांचं जळकं ऑइल लाकडाला लावू नका. ते फुकट मिळतं, पण त्यात विषारी घटक असतात. शेजारी मुलांच्या जेवणातली भाजी उगवते आहे.
- बेलतेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता बाहेर टाकतं. ढिगात ती उष्णता साठून फडकी आपोआप पेटू शकतात. फडकी मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल-मे : लाकूड सगळ्यात कोरडं असतं, लेप आताच द्यावा. आधी फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखे राहिले तर जुना लेप चांगला आहे, लगेच जिरले तर नवा हात हवा. छपराचे स्क्रू, पन्हाळ, पायाचे बोल्ट तपासा.

जून ते सप्टेंबर : दर आठवड्याला खांबांवर वाळवीच्या नळ्या दिसतात का ते पाहा. दिसल्या तर खरवडून टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. पुन्हा बांधल्या गेल्या तर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवा आणि बाजूला भाजीचे वाफे आहेत हे त्याला आधी सांगा. उघडीप मिळाली की दारं-खिडक्या सताड उघडा. पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथे खडी टाका, म्हणजे चिखल उडून भिंतीला बसणार नाही. झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधले तर उत्तम, फक्त ते भिंतीला चिकटू देऊ नका.

जुलैत दार घासायला लागलं की लगेच रंधा मारायची घाई करू नका. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं आणि हिवाळ्यात परत आकसतं. आता तासलेलं दार डिसेंबरमध्ये फट दाखवेल.

ऑक्टोबर : वर्षातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खालची चौकट, दाराचा उंबरा आणि कोपरे हलकेच टोचा. टोक रुतलं किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला तर तेवढा तुकडा आताच बदला. हिरवं शेवाळ कोरड्या ब्रशने घासून काढा.

डिसेंबर-जानेवारी : आकसलेल्या सांध्यांचे स्क्रू आवळा. वर्षभरात खालच्या जागेत साठलेला पाला काढा.

मुलांकडे काय सोपवायचं?

एक साधी वही करा : तारीख, काय पाहिलं, काय केलं, पाहणाऱ्याची नावं. नळ्या शोधणं, थेंबांची चाचणी, पन्हाळीतून पाणी नीट वाहतं का ते जमिनीवरून पाहणं ही कामं पाचवीपासूनची मुलं व्यवस्थित करतात. शिडीवर चढणं, तेल लावणं, कीटकनाशक ही कामं मुलांना अजिबात द्यायची नाहीत.

या वहीचा मोठा फायदा म्हणजे शिक्षकांची बदली झाली तरी ती शाळेतच राहते. नाहीतर केबिन बांधणारे गुरुजी गेले की ऑक्टोबरची तपासणीही त्यांच्याबरोबर जाते. लोकवर्गणीसाठी घराघरांतून पैसे आलेले असतात. पालकांना शाळेच्या सभेत ही वही वाचून दाखवा. आपले पैसे कुठे उभे आहेत आणि कसे सांभाळले जातात हे त्यांना कळेल. पुढच्या वेळी हातोडी घेऊन मदतीला येणारेही त्यांच्यातूनच निघतील.